ज्याने यंत्राच्या चुका पकडायला शिकवलं, त्याच्याच हातून विश्वाचा सगळ्यात जुना उजेड निसटला

१९६५ सालच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट डिकी नावाच्या प्राध्यापकाच्या खोलीत चार जण सोबत आणलेलं जेवण खात बसले होते. डिकी आणि त्याची तीन तरुण पोरं, म्हणजे जिम पीबल्स, डेव्हिड विल्किन्सन आणि पीटर रोल. जेवता जेवता कामाचं बोलायचं, असा त्यांचा रिवाज होता. काम काय होतं, तर विश्वाच्या जन्मावेळच्या उष्णतेतलं काही आजही आकाशात शिल्लक आहे का, हे शोधायचं. त्यासाठी विद्यापीठातल्या एका इमारतीच्या गच्चीवर अँटेना उभी करायचं चाललं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

डिकी बराच वेळ नुसता ऐकत होता. मध्येच हॉर्न अँटेना, द्रव हेलियम असे शब्द त्याच्या तोंडून निघत होते. ते ऐकून बाकीच्यांचे कान टवकारले, कारण हे सगळं सामान त्यांच्याच प्रयोगातलं होतं. फोन ठेवून डिकीने पोरांना एका वाक्यात सांगून टाकलं की, आपल्या आधी दुसऱ्यांनी बाजी मारली.

फोन होता अर्नो पेन्झियासचा. पन्नास-साठ किलोमीटरवर होल्मडेल इथे बेल लॅब्सची अँटेना होती. तिथे पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना एक खरखर ऐकू येत होती आणि ती काही केल्या जात नव्हती. त्या खरखरीचं नाव पुढे झालं कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड, थोडक्यात सीएमबी. बिग बँगनंतर साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा सुटलेला उजेड. १९७८ साली या शोधासाठी पेन्झियास आणि विल्सन यांना नोबेल मिळालं. डिकीला मिळालं नाही.

हा किस्सा बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो आणि इथेच संपवला जातो. पण खरी गंमत या फोनच्या वीस वर्षं आधी सुरू होते. कारण तेव्हा डिकीने स्वतः बनवलेलं यंत्र आकाशाकडे रोखलं होतं, नेमकी हीच उष्णता मोजायचा प्रयत्न केला होता आणि नंतर तो हे सगळं विसरूनही गेला होता.

६ मे १९१६ ला सेंट लुईसमध्ये डिकीचा जन्म झाला. लहानाचा मोठा झाला न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये. १९३९ साली प्रिन्स्टनमधून पदवी आणि १९४१ साली रोचेस्टर विद्यापीठातून अणुकेंद्राच्या भौतिकशास्त्रात पीएचडी. तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं आणि अमेरिकेतले हुशार भौतिकशास्त्रज्ञ एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत गोळा होत होते. नाव रेडिएशन असलं तरी काम होतं रडारचं. डिकीही तिथेच लागला.

रडारवाल्यांना लहान लहान तरंगलांबी हवी होती. तरंगलांबी जितकी लहान, तितकं चित्र बारीक. १० सेंटीमीटरवरून ३ वर आले, मग सव्वा सेंटीमीटरवर. इथे घोळ झाला. हवेतली वाफ नेमक्या याच पट्ट्यातल्या लहरी गिळत होती. किती गिळते, हे मोजायची जबाबदारी ज्यांच्याकडे आली त्यांत डिकी होता.

त्याने विचार उलट्या बाजूने केला. जी वस्तू लहरी शोषते, ती तितक्याच इमानाने त्या बाहेरही टाकते. म्हणजे रडारचा झोत सोडायची गरजच नाही. अँटेना गुपचूप आकाशाकडे करायची आणि हवा स्वतः किती लहरी टाकते ते मोजायचं. ऐकायला सोपं आहे. पण अडचण अशी की हा आवाज फारच बारीक. त्यापुढे रिसिव्हरची स्वतःची खरखर इतकी मोठी की, तिला तापमानाच्या भाषेत मांडलं तर आकडा हजारो अंशांत जायचा. वर अ‍ॅम्प्लिफायर एका जागी स्थिर राहायचा नाही. कधी जरा जास्त वाढवून दाखवायचा, कधी जरा कमी. काटा हलला तर आकाश बदललं की यंत्राचा मूड बदलला, हे सांगणार कोण?

हे समजायला भाजीवाल्याचा स्प्रिंगचा ताणकाटा डोळ्यांसमोर आणा. स्प्रिंग ढिली झालीये, दर मिनिटाला काटा वेगळं वजन दाखवतोय. अशा काट्यावर तुम्ही पावशेर मिरची कशी मोजाल? एकच उपाय आहे. एकदा मिरची ठेवायची, लगेच काढून पावशेराचं माप ठेवायचं, परत मिरची, परत माप. हे इतक्या भरभर करायचं की मधल्या वेळात स्प्रिंगला बिघडायला सवडच मिळू नये. मग काटा काय दाखवतो याच्याशी देणंघेणं नाही. दोघांतला फरक तेवढा बघायचा.

डिकीने हेच केलं. लहरी वाहून नेणाऱ्या नळीत त्याने एक फिरतं चाक बसवलं. चाक आत आलं की रिसिव्हरला चाकाचं तापमान दिसायचं, बाहेर गेलं की आकाशाचं. सेकंदाला ३० वेळा. रिसिव्हरमधून जे बाहेर पडेल त्यातला सेकंदाला ३० वेळा खालीवर होणारा भाग तेवढा उचलायचा, बाकी सगळा कचरा. या युक्तीमुळे हजारो अंशांच्या खरखरीत एका अंशाहूनही कमी फरक दिसायला लागला. १९४६ साली त्याने हे छापलं आणि जगभरचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ या यंत्राला आजही डिकी रेडिओमीटर म्हणतात.

यंत्र फ्लोरिडात नेलं, कारण तिथे दमट हवेची कमतरता नाही. अँटेना सरळ डोक्यावर धरली की हवेचा थर पातळ, क्षितिजाकडे कलवली की जाड. वेगवेगळ्या कोनांत मोजून आलेख काढायचा आणि तो मागे ओढत न्यायचा, हवा अजिबात नसती तर काय उरलं असतं, तिथपर्यंत. वाफेचं उत्तर मिळालं. जाता जाता डिकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निबंधात एक ओळ टाकली. हवा वजा केल्यावर अवकाशातून येणारी उष्णता २० केल्विनपेक्षा जास्त नाही.

आता आपल्याला माहीत असलेला आकडा आहे २.७२५ केल्विन. म्हणजे डिकीचं विधान शंभर टक्के बरोबर होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. वस्तू घरातच आहे, पण शोधणाऱ्याने एवढंच लिहून ठेवलं की ती घरापेक्षा मोठी नाही.

२० वर अडायचं कारणही यंत्रातच होतं. ज्या चाकाशी तुलना चालली होती ते खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्विनच्या आसपास होतं. पावशेर मिरचीची तुलना पोत्याभर तांदळाशी केल्यासारखं. तराजूच्या मापात किंचित चूक असली तरी त्या मोठ्या फरकात ती अनेक अंशांची होऊन बसते. तुलना करायची तर जवळपासच्या वजनाच्या मापाशी करावी लागते. ते माप म्हणजे द्रव हेलियमने गारठवलेला तुकडा, आणि तो वापरात यायला अजून वेळ होता.

योगायोग बघा. डिकीचा हा निबंध फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकाच्या ज्या ७० व्या खंडात आहे, त्याच खंडात जॉर्ज गॅमोचा तापलेल्या बाल-विश्वाबद्दलचा निबंध आहे. दोघांनी एकमेकांचं काम जोडून बघितलं नाही. १९४८ मध्ये गॅमोचे सहकारी राल्फ अल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी तर हिशोब करून आज साधारण ५ केल्विन उष्णता उरली असावी, असं लिहिलं. ते मोजायला कोणी उठलं नाही. डिकी तोवर प्रिन्स्टनला परतला होता आणि अणूंच्या वर्णपटात रमला होता.

१९५४-५५ ला तो वर्षभर हार्वर्डला गेला आणि गुरुत्वाकर्षणाच्या नादाला लागला. त्या काळी आइन्स्टाइनचा सिद्धांत सगळे मानत होते, पण प्रयोगातले पुरावे बोटांवर मोजण्याइतके. डिकीला हे खटकायचं. त्याने प्रिन्स्टनमध्ये एक गट उभा केला. शुक्रवारी संध्याकाळी बैठका व्हायच्या आणि कॅनडाहून आलेला लाजरा पीबल्स तिथेच या विषयात ओढला गेला.

या काळातला एक प्रयोग डिकीचा स्वभाव सांगून जातो. सोनं आणि ॲल्युमिनियम सूर्याकडे सारख्याच वेगाने ओढले जातात का, हे बघायचं होतं. हंगेरीच्या इओटवॉशने अशी मोजणी खूप आधी केली होती. डिकीने तिच्याकडे बघितलं आणि त्याला पहिली शंका आली ती बघणाऱ्या माणसाची. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाच्या देहालाही वजन असतं आणि ते वजन नाजूक तराजूला ओढतं! मग डिकीच्या गटाने तराजू जमिनीतल्या खड्ड्यात बसवला, माणसांना दूर ठेवलं आणि नोंदी यंत्राकडून घेतल्या. १९६४ साली उत्तर आलं. दोन्ही धातू १०० अब्जांत एक भाग इतक्या अचूकतेने सारखेच ओढले जातात.

असा माणूस. मोजायला बसला की आधी स्वतःवर संशय घेणारा. हा गुण त्याने विकलाही. डिकीच्या नावावर ५० च्या आसपास पेटंट होती आणि खरखरीतून सिग्नल उचलणारी लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर यंत्रं बनवणारी कंपनी काढणाऱ्यांत तो होता. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत आजही हे यंत्र असतं.

१९६४ मध्ये डिकीच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. विश्व फुगतं, मिटतं, परत फुगतं असं असेल, तर आधीच्या फेरीतले जड अणू फोडून टाकायला दर वेळी प्रचंड तापमान लागेल. मग त्या भट्टीची धग आजही उरलेली असणार. त्याने रोल आणि विल्किन्सनला डिकी रेडिओमीटर बांधायला लावलं आणि पीबल्सला हिशोब करायला. अल्फर-हर्मनचा निबंध आधीच पडून आहे, हे या चौघांपैकी कोणाच्या ध्यानात नव्हतं. १९६५ च्या त्यांच्या निबंधातही त्या दोघांना श्रेय मिळालं नाही आणि ते दोघं आयुष्यभर दुखावलेले राहिले. डिकीच्या बाजूने बोलायचं तर त्याला स्वतःची १९४६ ची ओळही आठवत नव्हती.

तिकडे होल्मडेलला काय चाललं होतं, ते बघण्यासारखं आहे. कारण शोध लागतो कसा आणि हुकतो कसा, हे तिथे एकाच अँटेनावर दिसतं.

१९६१ साली बेल लॅब्सच्याच एडवर्ड ओमने त्याच हॉर्न अँटेनाच्या रिसिव्हरचा सगळा हिशोब मांडला होता. आकाश, जमीन, नळ्या, अ‍ॅम्प्लिफायर, सगळ्यांची बेरीज यायला हवी होती १८.९ केल्विन. प्रत्यक्षात मोजलं तर २२.२. म्हणजे तीन केल्विनच्या वर जास्त. विश्वाची धग तिथे कागदावर बसली होती! पण दोन्ही आकड्यांमध्ये दोन-तीन केल्विनची चूक असू शकते, असं ओमने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. चुकीच्या पट्ट्यात फरक मावला, विषय संपला. त्याने काही वावगं केलं नव्हतं. चुकीचा पट्टा रुंद असेल तर त्यात अख्खं विश्व लपू शकतं, एवढंच.

पेन्झियास आणि विल्सन यांनी फरक केला तो इथे. त्यांनी द्रव हेलियमचं थंड माप बनवलं आणि स्विच फिरवून आकाशाची तुलना थेट त्याच्याशी केली. युक्ती डिकीचीच, फक्त पोत्याऐवजी पावशेराचं माप. आता हिशोब असा बसला. डोक्यावरच्या आकाशाकडे बघताना अँटेनात एकूण ६.७ केल्विन. त्यातले हवेचे २.३. अँटेनाच्या धातूचे ०.८. मागच्या जमिनीकडून चुकार आलेले ०.१. उरले ३.५.

हे ३.५ कुठून येतात, याचा त्यांनी महिनोन्महिने पिच्छा पुरवला. न्यूयॉर्क शहराकडे अँटेना वळवून बघितली. सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली. आत घर केलेल्या कबुतरांना हाकललं, त्यांची विष्ठा पुसून काढली. कबुतरांचा भाग सोशल मीडियावर फिरतो तो विनोद म्हणून. पण ती साफसफाई हाच खरा प्रयोग होता. प्रत्येक संशयित वस्तूला तपासून सोडून द्यायचं आणि तिच्या नावावर किती अंश खपतात ते वजा करायचं. शेवटी त्यांचा आकडा होता ३.५ आणि चूक जास्तीत जास्त १ केल्विन. आता पट्ट्यात शून्य मावत नव्हतं.

कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते डिकीकडे होतं. फोननंतर डिकी आणि मंडळी होल्मडेलला जाऊन यंत्र बघून आली आणि मोजणी पक्की आहे याची खात्री करून घेतली. डिकीसारख्याने यंत्राला पास केलं, याला वजन होतं. मग दोन निबंध शेजारी शेजारी छापायचं ठरलं, एकात मोजणी आणि दुसऱ्यात अर्थ. वाद नाही, आधी कोण यावर भांडण नाही. १९६६ मध्ये रोल आणि विल्किन्सनची गच्चीवरची मोजणीही छापून आली. वेगळी तरंगलांबी, वेगळं यंत्र, उत्तर ३.० केल्विन.

याचा धक्का केंब्रिजलाही बसला. तिथे फ्रेड हॉईल आणि त्यांच्यासोबत काम करणारे आपले जयंत नारळीकर विश्वाला सुरुवातच नाही, या मताचे होते. नारळीकरांनी नंतरही हार मानली नाही. ही धग ताऱ्यांच्या उजेडातूनही येऊ शकते का, यावर ते पुढे कित्येक वर्षं काम करत राहिले.

नोबेल हुकण्यापेक्षा मोठी एक गोष्ट डिकीच्या बाबतीत याच काळात घडत होती. तिची चर्चा कमी होते.

डिकीने १९६१ साली कार्ल ब्रॅन्ससोबत गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला होता. आइन्स्टाइनशी जवळपास जुळणारा, पण थोडा वेगळा. अडचण होती बुध ग्रहाची. बुधाची कक्षा शंभर वर्षांत ४३ विकला जास्तीची सरकते आणि आइन्स्टाइनचं गणित हे ४३ पूर्ण देतं. नव्या सिद्धांताला जागा हवी असेल तर त्यातल्या तीन-चार विकलांचं कारण दुसरं हवं. सूर्य जर विषुववृत्ताजवळ किंचित फुगलेला असेल, तर ते कारण मिळतं.

१९६६ च्या उन्हाळ्यात डिकी आणि मार्क गोल्डनबर्ग यांनी सूर्य मोजला. पद्धत तीच. मधला सूर्य चकतीने झाकायचा, कडेचा उजेड तेवढा फिरत्या चाकातून बघायचा आणि बदलणारा भाग उचलायचा. १९६७ साली त्यांनी जाहीर केलं की सूर्याची विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा लाखात ५ भागांनी जास्त आहे. सात लाख किलोमीटरमध्ये साधारण ३५ किलोमीटर. त्यांच्या हिशोबात चुकीचा पट्टाही अरुंद होता. आइन्स्टाइन सुमारे ८ टक्क्यांनी चुकलाय, असा त्याचा अर्थ निघत होता. मोठी खळबळ उडाली.

१९७० च्या दशकात हेन्री हिलने वेगळ्या पद्धतीने सूर्य मोजला. फुगवटा जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा निघाला. गडबड अशी होती की डिकीचं यंत्र उजेड मोजत होतं, आकार नाही. विषुववृत्ताजवळची कड ध्रुवाजवळच्या कडेपेक्षा किंचित जास्त उजळ असेल, तर यंत्राला सूर्य तिथे फुगल्यासारखा दिसतो. यंत्र खोटं बोललं नाही. त्याला विचारलेला प्रश्न आणि त्याने दिलेलं उत्तर, यांत फट होती. चाक कितीही भरभर फिरवा, ही चूक जात नाही, कारण ती सिग्नलसोबतच फिरते. डिकीच्या युक्तीची हद्द ही इथे आहे. खरखर सरासरीत विरून जाते. एकाच बाजूला झुकलेली चूक मात्र जितकं जास्त मोजाल तितकी जास्त खरी वाटायला लागते.

डिकीने हा विषय सोडला नाही. साठी उलटून गेल्यावर, १९८३ ते ८५ च्या दरम्यान, त्याने जेफ कून आणि केन लिब्रेक्टसोबत माउंट विल्सनवरून सूर्य पुन्हा मोजला. या वेळी आकडे १९६६ पेक्षा खूपच लहान आले आणि त्याने ते तसेच छापले. ब्रॅन्स-डिकी सिद्धांताला पुढे अवकाशयानांच्या मोजण्यांनी कोपऱ्यात ढकललं.

मधल्या काळात, १९७८ साली, कॉर्नेलमधल्या एका व्याख्यानात डिकीने एक कोडं टाकलं होतं. विश्व सपाट असण्याच्या इतक्या जवळ कसं? सुरुवातीला तोल तसूभर जरी बिघडला असता तरी आज हे दिसलं नसतं. श्रोत्यांमध्ये ॲलन गुथ नावाचा तरुण होता. वर्षभरात त्याने त्यावर उत्तर काढलं, ते म्हणजे इन्फ्लेशनचा सिद्धांत. त्याची परीक्षा घ्यायची तर सीएमबीमधले बारीक चढउतार मोजायला हवे होते आणि ते एका लाखात एक भाग इतके लहान.

इथून चुकांचा खेळ अवघड होतो. १९८७ मध्ये बर्कली आणि नागोया विद्यापीठांनी जपानमधून सोडलेल्या रॉकेटवरच्या यंत्राला आखूड तरंगलांबीवर जास्तीची धग दिसली. सिद्धांतवाले कामाला लागले, बाल-विश्वात कोणती उलथापालथ झाली असेल यावर निबंध निघाले. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये नासाचा कोबी उपग्रह वर गेला. त्यातल्या यंत्रात आकाशासमोर ठेवायला स्वतःचं काळं, थंड माप होतं. पहिल्याच काही मिनिटांच्या नोंदींमध्ये दिसलं की आलेख अगदी गुळगुळीत आहे आणि ती जास्तीची धग नाहीच. जे निबंध तिच्यावर उभे होते ते बसले.

कोबीवर आणखी एक यंत्र होतं. त्यात एकमेकांपासून ६० अंशांवर रोखलेले दोन हॉर्न आणि मध्ये डिकीचा स्विच, सेकंदाला १०० वेळा इकडून तिकडे. आकाशाची तुलना आकाशाशीच. १९९२ मध्ये त्याने चढउतार पकडले, सुमारे ३० मायक्रोकेल्विन. पण त्याआधी या मंडळींनी होऊ शकणाऱ्या चुकांची यादी केली आणि त्यावर वेगळा निबंधच लिहिला. त्या यादीतला एक मोठा आरोपी कोण होता माहितीये? तोच स्विच. त्यातला फेराइट चुंबकाला दाद देतो. उपग्रह पृथ्वीभोवती फिरताना पृथ्वीचं चुंबकत्व बदलतं, स्विच किंचित बावचळतो आणि आकाशात नसलेला चढउतार दिसतो. तो किती, हे मोजून वजा केल्यावरच घोषणा झाली.

४ मार्च १९९७ ला प्रिन्स्टनमध्ये डिकी गेला. ८० वर्षांचा होता. कोबीचे निकाल त्याने बघितले, पुढचे नाही.

पुढचं यान विल्किन्सनने पुढाकार घेऊन उभं केलं होतं. २००१ मध्ये ते उडालं, २००२ मध्ये विल्किन्सन गेला आणि यानाला त्याचं नाव मिळालं, डब्ल्यूमॅप. त्याच्या २००३ च्या निकालात पहिले तारे बिग बँगनंतर साधारण २० कोटी वर्षांनी पेटले, असं आलं. पेपरांत मथळे झाले. २००६ मध्ये त्याच यानाचा सुधारित हिशोब आला आणि तारखा ४० कोटी वर्षांवर सरकल्या. विश्व तेच, यान तेच. ध्रुवीकरणाचा सिग्नल फार क्षीण होता आणि यंत्राची खरखर आणि आपल्या आकाशगंगेची धूळ आधीपेक्षा नीट वजा केली, एवढ्याने ताऱ्यांचं वय बदललं. नंतर प्लँक यानाने तारीख आणखी अलीकडे आणली.

मापाची चूकही अशीच महागात पडते. यंत्र तापमान १ टक्का कमी दाखवत असेल, तर चढउतारांची ताकद २ टक्के कमी येते, कारण ती तापमानाच्या वर्गावर चालते. मग विश्वात पदार्थ किती, सुरुवातीच्या लहरी किती उंच, हे आकडेही हलतात. २०१३ मध्ये प्लँक आणि डब्ल्यूमॅप यांच्यात दोन-अडीच टक्क्यांचा फरक निघाला होता. २०१५ पर्यंत प्लँकवाल्यांनी आपलं माप परत तपासलं आणि तो बराचसा मिटला. त्यासाठीचं माप मोठं सुंदर आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावते, त्यामुळे पुढचं आकाश मागच्यापेक्षा किंचित गरम दिसतं. वेग अचूक माहीत, म्हणून गरमपणाही अचूक माहीत. त्यावरून यंत्राचा काटा लावून घ्यायचा.

शिवाय दुर्बिणीची नजर पूर्ण गोल नसते, जरा लांबट असते आणि त्यामुळे आकाशातले बारीक ठिपके चुकीच्या आकाराचे दिसतात. हा लांबटपणा हिशोबात कसा धरायचा, यावर पुण्याच्या आयुकामध्ये तरुण सौरदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच काम केलं आहे.

आज भांडण आहे विश्व किती वेगाने पसरतंय याचं. सीएमबीवरून प्लँक सांगतो ६७.४. जवळचे तारे आणि स्फोट मोजणारे सांगतात ७३ च्या आसपास. कोणाच्या तरी यंत्रात झुकलेली चूक आहे का, हा पहिला संशय. म्हणून चिलीच्या डोंगरावरच्या आणि दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणींचे आकडे महत्त्वाचे. त्यांची यंत्रं वेगळी, चुकाही वेगळ्या, तरी उत्तर प्लँकच्या बाजूला येतं.

प्लँकवरच्या एका यंत्रात आकाशासोबत तुलनेला ४ केल्विनपर्यंत गारठवलेले तुकडे बसवले होते. डिकीचं चाक सेकंदाला ३० वेळा आत-बाहेर व्हायचं. या यंत्रातला स्विच सेकंदाला चार हजारांहून जास्त वेळा अदलाबदल करायचा आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये यान बंद करेपर्यंत त्याचं हे काम चालू होतं.